मेपल सिरपचे शेत पाहायला केव्हा जावे: मार्च ब्रेकमध्ये की गुड फ्रायडेला?

रानवाट:
आम्ही कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील मिसिसागा येथे राहतो. माझे आईवडील सध्या आमच्याकडे आले आहेत आणि झाडातून निघणारा गोड रस आटवून सिरप कसे करतात, हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचे आहे. मुलांना मार्च ब्रेकची, म्हणजे शाळेची मार्चमधली आठवडाभराची सुट्टी असते, परंतु त्या आठवड्यात आम्हा दोघांनाही रजा मिळणे कठीण असल्यामुळे गुड फ्रायडेला जावे असा विचार आहे. तोपर्यंत रस वाहत असतो का? आईवडील शाकाहारी असून अंडेही खात नाहीत, आणि आईला गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पानगळ:
गुड फ्रायडेवर विसंबू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. हा सण दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो; 2024 मध्ये तो 29 मार्चला होता, तर 2025 मध्ये 18 एप्रिलला. मेपलचा रस मात्र केवळ हवामानाचे ऐकतो. रात्री तापमान शून्याखाली गेले की गोठणाऱ्या खोडात मुळांकडून पाणी वर ओढले जाते, आणि दिवसा ऊन पडून बर्फ वितळला की आतला दाब वाढून तोच रस खोडाला पाडलेल्या छिद्रातून ठिबकू लागतो. रात्री उणे 5 आणि दुपारी अधिक 5 अंशांच्या आसपास असेल, तर तो दिवस उत्तम समजावा. एकदा कळ्या फुगू लागल्या की रसाची चव बिघडते आणि शेतकरी हंगाम थांबवतात. दक्षिण ऑन्टारिओत एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुधा ही वेळ आलेली असते.

रजेची अडचण असेल तर मार्च ब्रेकच्या आधीचा किंवा नंतरचा शनिवार-रविवार पाहावा. दिवस आधीपासून पक्का न करता हवामानाचा अंदाज पाहून ठरवावा आणि शक्यतो दुपारी पोहोचावे, कारण सकाळच्या गारठ्यात झाडांना टांगलेल्या बादल्या कोरड्याच दिसण्याची शक्यता असते.

सागरगोटा:
आपल्याला जवळ पडतील अशी ठिकाणे म्हणजे कॅम्पबेलव्हिलजवळचे माउंट्सबर्ग आणि ओकव्हिलचे ब्रॉन्टी क्रीक. मोठ्या व्यावसायिक शेतांवर झाडाझाडांतून प्लास्टिकच्या नळ्या फिरवलेल्या असतात आणि रस पंपाने ओढून घेतला जातो. ते पाहण्यासारखे असले, तरी वडीलधाऱ्यांना आणि मुलांना बादलीत पडणारा थेंब अधिक भावतो. युरोपीय लोक येण्यापूर्वीपासून अनिशिनाबे आणि हौडेनोसौनी हे इथले मूळनिवासी लोक हा रस आटवत आले आहेत, आणि त्यांची पद्धत जिथे नीट समजावून सांगतात, ते ठिकाण मी आवर्जून निवडेन.

सिरप शिजवण्याची झोपडी चुकवू नये. गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला तिथली वाफ आणि गोड वास लगेच ओळखीचा वाटेल. रसात साखर जेमतेम 2 टक्के असते, म्हणून 1 लीटर सिरपसाठी सुमारे 40 लीटर रस आटवावा लागतो, आणि उकळते तापमान पाण्यापेक्षा सुमारे 4 अंशांनी वर चढले की सिरप तयार झाले असे मानतात. आईंसाठी घोड्याची किंवा ट्रॅक्टरची गाडी कुठवर नेते, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. वाटेवर बर्फ आणि चिखल दोन्ही असतात, त्यामुळे सर्वांना गमबूट हवेत.

ओवी:
खाण्याविषयी थोडे स्पष्ट लिहिते. अशा ठिकाणी सिरपसोबत देतात त्या पॅनकेकमध्ये बहुधा अंडे असते. सिरपमध्ये शिजवलेल्या घेवड्याच्या बियांत पारंपरिक पद्धतीने डुकराचे मांस घालतात, आणि क्वेबेक प्रांतातील शुगर शॅकमध्ये, म्हणजे सिरपच्या झोपडीत मिळणाऱ्या जेवणात तर हॅम असतेच. म्हणून पोटभर जेवण घरून न्यावे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही: रस उकळताना वर येणारा फेस बसवण्यासाठी पूर्वी लोणी किंवा डुकराची चरबी टाकत असत. आता अनेक ठिकाणी वनस्पती तेल वापरतात, तरीही "फेसासाठी काय घालता?" असे विचारण्यात संकोच करू नये. त्याचे उत्तर समाधानकारक असेल, तर स्वच्छ बर्फावर गरम सिरप ओतून काडीवर गुंडाळलेली टॅफी आईवडिलांना अवश्य द्यावी.

विकत घ्यायचे असल्यास, फिकट सोनेरी सिरप हंगामाच्या सुरुवातीचे आणि सौम्य चवीचे असते, गडद सिरप उशिराचे आणि अधिक उग्र. आईवडिलांना परत जाताना न्यायचे असेल, तर सीलबंद पत्र्याचा डबा घ्यावा आणि तो हातातल्या पिशवीत न ठेवता चेक-इनच्या सामानात ठेवावा.