अरब देशांतला ‘वास्ता’ कायद्याने थांबेल का?

खारेवारे: जॉर्डनने २००६ च्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यात ‘वास्ता’, म्हणजे वशिला, गुन्हा ठरवला. कुणाचा हक्क बुडवणारी किंवा खोट्याचं खरं करणारी शिफारस, असा कायद्यात त्याचा अर्थ. तरी अम्मानमध्ये नोकरी शोधणाऱ्याचं घराणं कुठलं, हे आजही आधी पाहिलं जातं. वशिल्याने एक आत गेला की पाठीशी कुणी नसलेला दुसरा बाहेर राहतो. याला संस्कृती म्हणून गोंजारू नका.

मस्कतवासी: नाही पटलं. वास्ता म्हणजे मुळात मध्यस्थी. जॉर्डनमध्ये अपघातात माणूस दगावला की दोषीकडची वडीलधारी मंडळी मृताच्या घरी जातात. त्याला ‘जाहा’ म्हणतात. समोर कॉफी येते, पण मागणं मान्य होईपर्यंत कुणी पेल्याला तोंड लावत नाही. अशा बैठकांनी सूडाची साखळी तुटते. तीच मंडळी उद्या पुतण्याच्या नोकरीसाठी शब्द टाकतात. एक ठेवून दुसरं कसं कापणार? आणि कचेरीत फाइल हलतच नसेल तर माणूस काकालाच फोन करणार ना?

खारेवारे: आणि ज्याला असा काका नाही त्याने? जाहात दोन्ही घरं समोरासमोर बसतात. नोकरीत ज्याचं नुकसान होतं तो त्या खोलीत नसतोच. इजिप्तचं बघा. मे २०१५ मध्ये न्यायमंत्री महफूझ साबेर टीव्हीवर म्हणाले, सफाई कामगाराचा मुलगा न्यायाधीश होऊ शकत नाही. ओरड झाली, राजीनामा द्यावा लागला. पण त्यांच्या जागी आले अहमद अल-झिंद, ज्यांनी न्यायाधीशांच्या मुलांच्या नेमणुकांची आधीच उघड बाजू घेतली होती!

सांजवात: कुवेतमध्ये तर खासदारच वास्ता पुरवायचे. २०२४ मध्ये संसद स्थगित होईपर्यंत मतदाराची बदली, परदेशातले उपचार अशी कामं करून देणाऱ्यांना ‘सेवा-खासदार’ म्हणत. कामं मंत्र्यांकडून करून घ्यायची, मग त्यांनाच धारेवर कसं धरणार?

मस्कतवासी: इजिप्तचा प्रकार संतापजनकच. पण आखातात रत्नागिरीकडची कितीतरी माणसं गाववाल्याच्या शब्दावर कामाला लागली. तो शब्द देणारा स्वतःची पत पणाला लावतो.

खारेवारे: खासगी दुकानात मालकाचा पैसा, मालकाची मर्जी. सरकारी जागेवर हक्क सगळ्यांचा. तिथे जाहिरात, गुण आणि निवडयादी उघड लावा, शिफारस कुणी केली तेही लिहा. पत खरी असेल तर नाव द्यायला अडचण कसली?

मस्कतवासी: नाव लिहायला माझी ना नाही. पण आधी खिडकीवरचं काम ओळखीशिवाय होऊ द्या. तोवर तुमचा कायदा फक्त लहान माणसाचा फोन बंद करील.