पहिली-दुसरीच्या वर्गात टच पॅनल हवंच कशाला?

पाटीपेन्सिल

सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. नोकरीला सव्वीस वर्षं झाली. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३१. यंदा गावच्या यात्रा कमिटीने शिल्लक वर्गणीतून शाळेला मोठं टच पॅनल द्यायचं ठरवलं आणि ते पहिली-दुसरीच्या खोलीत बसवायचं असं शाळा व्यवस्थापन समितीत पुढे आलं. मी एकटीने "त्या खोलीत नको" म्हटलं. एक पालक म्हणाले, "बाई, शेजारच्या गावात कवाच आलंय. आपली पोरं मागं पडतील." त्यांची काळजी खरी आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. ते इथे मांडते.

मूल वाचायला कसं शिकतं ते रोज जवळून बघते. समोर "कमळ" लिहिलेलं असतं. मूल "क" म्हणतं, "म"पाशी अडतं आणि माझ्याकडे बघतं. तेव्हा मी उत्तर सांगत नाही, नुसते ओठ मिटून दाखवते. ते माझ्या ओठांकडे बघतं, स्वतःचे ओठ मिटतं आणि "म" बाहेर येतो. दुसरं एखादं "घ" आणि "ध"मध्ये घोटाळा करतं, त्याचा हात धरून गाठ कुठे येते ते वाळूत गिरवून घ्यावं लागतं. तिसऱ्याला सगळी अक्षरं येतात, पण काना-मात्रा आली की ते बिथरतं. पडद्यावरचं "कमळ" सुरेख फुलतं, गाणं म्हणतं आणि पुढे जातं. कोण कुठे अडलं हे त्याला दिसत नाही. मुलं मात्र गाण्याबरोबर "क क कमळाचा" ओरडत असतात आणि बघणाऱ्याला वाटतं, शिकली!

दुसरं, यंत्र दिलं की शिक्षण आपोआप होतं हा प्रयोग जगाने मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून गाजलेली योजना आठवत असेल. २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावच्या शाळेतही ते हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. पेरू देशाने ते लाखोंच्या संख्येने घेतले. तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही.

आणि आपल्याकडचं. 'असर' म्हणजे 'प्रथम' संस्थेचं खेड्यातल्या शिक्षणाचं सर्वेक्षण. त्यानुसार ग्रामीण भारतात स्मार्टफोन असलेल्या घरांतली मुलं २०१८ साली ३६.५ टक्के होती, २०२२ साली ७४.८ टक्के झाली. त्याच चार वर्षांत दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुलं २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर आली.

माझं म्हणणं एवढंच आहे की पहिली-दुसरीच्या खोलीत पडदा नको. त्या पैशांत गोष्टींची दोनशे पुस्तकं येतील आणि गावातल्या एखाद्या शिकलेल्या मुलीला वर्षभर मानधन देऊन वाचनाला बसवता येईल. ज्यांचं मत वेगळं आहे त्यांनी जरूर लिहावं.

तळेगावकर

ताई, असहमत. तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण 'असर'चे आकडे तुम्ही उलटे लावलेत. २०२० आणि २०२१ मध्ये शाळाच बंद होत्या! वाचन घसरलं ते शाळा बंद राहिल्यामुळे. फोन त्याच काळात घरात आला म्हणून दोष फोनचा होत नाही. पुढचे आकडेही सांगायला हवेत. २०२४ साली तेच प्रमाण २७.१ टक्क्यांवर आलं, म्हणजे जवळपास होतं तिथे. फोन घरातून गेले नव्हते.

पेरूबद्दल तुमचं बरोबर, पण तिथे लॅपटॉप वाटले आणि सोडून दिले. त्यात काय शिकवायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. याच्या अगदी उलट उदाहरण दिल्लीतलं आहे. माइंडस्पार्क नावाच्या संगणक कार्यक्रमाची तिथे चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मुलांवर चाचणी झाली, शोधनिबंध २०१९ साली आला. आधी मुलं तपासली तेव्हा सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे निघालं. म्हणजे बाई सहावीचं शिकवतायत आणि मूल तिसरी-चौथीत अडकलंय. हा कार्यक्रम प्रत्येक मुलाला ते जिथे आहे तिथून प्रश्न देतो, चुका बघून पुढचा प्रश्न ठरवतो. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती, निवड न झालेल्या मुलांच्या दुपटीच्या घरात गेली.

तुम्ही म्हणता यंत्राला दिसत नाही कोण कुठे अडलं. नीट बनवलेल्या यंत्राला नेमकं तेच दिसतं. चाळीस मुलांच्या वर्गात बाईंना ते दिसेलच असं नाही. मी असे डिजिटल धडे बनवण्याचंच काम करतो, म्हणून थोडं ठामपणे लिहिलं. राग नसावा.

दोन_पोरांची_आई

मला तज्ज्ञांसारखं लिहिता येत नाही. आमच्या घरी एका ऑनलाईन क्लासचा माणूस आला होता. मोठ्या मुलीची त्याने पाच मिनिटांची टेस्ट घेतली आणि तिच्यासमोरच म्हणाला, "बेसिक कच्चं आहे, आत्ता पैसे घातले नाहीत तर दहावीला रडाल." टॅब आणि तीन वर्षांचा कोर्स, हप्त्यावर. आम्ही सही केली. चौथ्या महिन्यात मुलगी ते उघडेनाशी झाली, शंका विचारायला लावलेला फोन कुणी उचलत नव्हतं. हप्ते मात्र पुढे दोन वर्षं बँकेतून जात राहिले.

टेस्टमध्ये काय चुकलं यापेक्षा तिला 'तू कच्ची आहेस' हे जास्त लागलं. ती अजून गणिताचं पुस्तक उघडताना तेच म्हणते. बाईंच्या बाजूने माझं मत.

सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे ना, तिथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास सगळं गाव टीव्ही-मोबाईल बंद ठेवतं. मुलं अभ्यासाला बसतात. आमच्या सोसायटीत मी हे सुचवलं होतं. चार घरं तयार झाली. चार तर चार, आम्ही करतो.

कोपीवरचा_मास्तर

बीड जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडं दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. काही पोरं आजीजवळ थांबतात, काही आईबापाबरोबर कारखान्यावर जातात. पट ४४, जानेवारीत वर्गात बसलेली १९. उरलेल्यांना मी काय सांगू, वाळूत गिरवा?

गेली चार वर्षं मी एक करतो. रोज रात्री दोन-तीन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवतो. एक गोष्ट आणि एक गणित. फोन दिवसभर बापाबरोबर उसाच्या फडात असतो, रात्री कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर येतो. तिथं वीज नसते, ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्जिंग करून घेतात. पोरगं गोष्ट ऐकतं, वहीत गणित करतं, फोटो पाठवतं. सगळी नाही पाठवत. पाच-सहाच पाठवतात. पण ती पाच-सहा पोरं एप्रिलात परत येतात तेव्हा शाळेत येऊन बसतात, बाकीची लाजून येतच नाहीत. माझ्या लेखी फोनची किंमत ही आहे.

त्यामुळं सरसकट 'पडदा नको' मला पटत नाही बाई. ज्याच्या पोराजवळ रोज बाई आहे त्यानं पडदा नको म्हणावं.

पाटीपेन्सिल

मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्याशी माझा वाद नाहीच. तुमच्या पोरांपर्यंत पोचतो तो तुमचाच आवाज आहे, त्यांना ओळखणाऱ्या माणसाचा. फोन फक्त वाट झाला. मला नको आहे ते कुणीतरी कुठेतरी बनवलेलं गाणं एकतीस मुलांवर सोडणं.

तळेगावकर, आकड्यांचं तुमचं म्हणणं मान्य. घसरणीचं खापर मी फोनवर फोडलं ते चूक झालं. पण मग तुमच्याच मांडणीतून दुसरी गोष्ट निघते. फोन घरात असूनही वाचन घसरलं, आणि शाळा उघडल्यावर ते सावरलं. फोन शाळेची जागा घेऊ शकला नाही.

दिल्लीचा अभ्यास मलाही माहीत आहे, आणि त्यातला एक भाग तुम्ही सांगितला नाहीत. ती दीड तासाची सत्रं होती. निम्मा वेळ संगणक, निम्मा वेळ छोट्या गटाला शिकवणारा माणूस. मुलं मुख्यतः सहावी ते नववीतली, म्हणजे स्क्रीनवरचा प्रश्न वाचू शकणारी. माझी मुलं अजून "घ" आणि "ध"मध्ये आहेत. आणि यात्रा कमिटी जे देते आहे ते प्रत्येक मुलाला वेगळा प्रश्न देणारं यंत्र नाही. भिंतीवरचा एकच पडदा आहे, सगळ्यांना एकच दाखवणारा.

निवृत्त_केंद्रप्रमुख

मी बारा शाळांचा केंद्रप्रमुख होतो. बाई, तुम्ही उत्तम शिक्षिका आहात हे लिहिण्यावरूनच कळतं. पण धोरण तुमच्याकडे बघून ठरवता येत नाही.

दोन शिक्षक, चार इयत्ता. म्हणजे एका खोलीत दोन इयत्ता. तुम्ही पहिलीला ओठ मिटून "म" दाखवता तेव्हा दुसरी काय करत असते? बहुतेक शाळांत मी पाहिलेलं उत्तर असं: फळ्यावरचा उतारा उतरवून काढते. पाऊण तास. त्यापेक्षा दुसरीने पडद्यावर चांगली गोष्ट ऐकली, त्यावर चित्र काढलं, तर काय बिघडलं? आणि त्यातला एक शिक्षक प्रशिक्षणाला किंवा बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेला की चारही इयत्ता एकावर. अशा दिवशी पडदा हा शिक्षकाचा हात असतो.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड लावले तेव्हाही लोक हसले होते. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते आले आणि २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. दहा लाख डॉलरच्या बक्षिसातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली, हे मला जास्त मोठं वाटतं. पण मुद्दा असा की ही वाट जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकानेच काढली.

स्पर्शरेषा

मी जन्मांध आहे, एम.ए. झालो आहे, बँकेत नोकरी करतो. या चर्चेत 'पाटी, पेन्सिल, वाळू' याबद्दल जे प्रेम दिसतंय ते मला समजतं, पण माझ्यासाठी तो काळ चांगला नव्हता. ब्रेल पुस्तकं वर्ष निम्मं सरल्यावर यायची, कधी यायचीच नाहीत. धाकटी बहीण वाचून दाखवायची. तिच्या परीक्षा असल्या की माझा अभ्यास थांबायचा. स्वतःचं पुस्तक स्वतः, हवं तेव्हा, हव्या त्या वेगाने वाचणं मला पहिल्यांदा जमलं ते कॉलेजात, संगणकावर. एनव्हीडीए नावाचा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली, दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ साली सुरू केला आणि फुकट ठेवला. तो मराठी वाचतो. पहिल्या रात्री मी पहाटेपर्यंत वाचत बसलो होतो.

तेव्हा कुणी 'शाळेत तंत्रज्ञान कशाला' असा मथळा लिहिला की मला धस्स होतं.

पण एक सांगतो, आणि हे तंत्रज्ञानवाल्यांसाठी आहे. मराठीतलं कितीतरी शैक्षणिक साहित्य अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये पडून आहे. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पडदावाचक मात्र निरर्थक इंग्रजी चिन्हं ऐकवतो. काही ठिकाणी तर पानांचे नुसते फोटो. पॅनल, टॅब, क्यूआर कोड सगळं आलं, आणि कोडमागे उघडतो तो व्हिडिओ म्हणतो, "इथे पाहा, हा कोन आणि हा कोन समान आहेत." कुठे पाहू? 'कोन अबक आणि कोन पफब' एवढं बोलायला खर्च येत नाही. बनवताना मी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतो, एवढंच.

तळेगावकर

स्पर्शरेषा, तुमचं वाचून आमचे भूमितीचे धडे काढून ऐकले, पडद्याकडे न बघता. "हा" आणि "इथे" याशिवाय वाक्य नाही. उद्यापासून संहिता तपासताना हे बघायचं मी आमच्या गटात लावून धरतो.

ताई, माणसाचा अर्धा वेळ मी सांगायला हवा होता, बरोबर. पण पहिली-दुसरीत तंत्रज्ञान अजिबात नको हे अजूनही पटत नाही. मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो आणि कुठला शब्द चुकला ते सांगतो, अशी साधनं आता आहेत. मराठीत ती अजून कच्ची आहेत, बोलींचा उच्चार त्यांना चूक वाटतो, हे मी कबूल करतो. म्हणून तर तुमच्यासारख्यांनी दार लावू नये असं वाटतं.

पाटीपेन्सिल

बोलीचं तुम्ही स्वतःच सांगितलंत म्हणून बरं वाटलं. माझ्या वर्गात "पाणी"ला "पानी" म्हणणारी मुलं आहेत. "पाणी" लिहिलेलं बघून मूल "पानी" म्हणालं, तर त्याने अचूक वाचलेलं असतं. तिथे लाल फुली आली की ते मूल मोठ्याने वाचायचं बंद करतं. ही साधनं सातारी, बीडची, नंदुरबारकडची पावरी बोलणाऱ्या मुलांवर आधी तपासा, मग पहिलीच्या खोलीत आणा. तोवर माझं दार बंद.

स्पर्शरेषा, मथळ्यात माझी चूक झाली. माझ्या शाळेत आज कमी दिसणारी एक मुलगी तिसरीत आहे. पडद्यावर अक्षर हाताएवढं मोठं करता येतं, ही गोष्ट मी समितीत विरोध करताना विसरले होते. हे मला टोचलं.

साहेब, "दुसरी काय करत असते" या प्रश्नाला माझ्याकडे खरंच चांगलं उत्तर नाही. उतारा उतरवत असते, बरेचदा. म्हणून तर मानधनावरची मुलगी मागते आहे. मात्र प्रशिक्षण, बीएलओ, पोषण आहाराची रोजची नोंद, यूडायस म्हणजे शाळेची माहिती सरकारी संकेतस्थळावर भरणं, आधार जुळणी, प्रत्येक उपक्रमाचा फोटो यांत आमचे तास जातात, त्यावर पडदा हा उपाय सांगू नका. "आम्हाला शिकवू द्या" म्हणत शिक्षकांनी मोर्चे काढले ते याच तासांसाठी. वर्गात सगळ्यात जास्त वेळ खाणारं तंत्रज्ञान माझ्या हातातला फोन आहे, आणि तो शिकवण्यासाठी नसतो.

शनिवारी समितीची बैठक आहे. तिथे तीन गोष्टी लेखी देणार आहे. पॅनल तिसरी-चौथीच्या खोलीत बसवावं, कमी दिसणाऱ्या त्या मुलीची जागा त्याच्या समोर असावी. वीजबिल कोण भरणार हे आधी ठरावात यावं, कारण मागचा संगणक बिल थकल्यामुळे दोन वर्षं झाकून होता. आणि थोडं लहान पॅनल घेऊन उरेल त्या पैशांत पहिली-दुसरीसाठी पुस्तकं आणि मानधनावरची मुलगी.

कोपीवरचा_मास्तर

बाई, ठरावात अजून एक घाला. पॅनलचा रिमोट आणि किल्ली कपाटात राहू देऊ नका, चौथीच्या पोरांकडं द्या. आमच्याकडं 'खराब होईल' म्हणून तीन वर्षं कव्हर निघालं नव्हतं. पोरांच्या हाती दिल्यापासून एकदाही बिघडलं नाही.