बडोद्यातल्या मराठी मुलीचे पहिलीचे माध्यम कोणते असावे?

प्रश्न (मांजलपूर)

माझी मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण सोसायटीत खेळताना ती सहज गुजराती बोलते, आणि इंग्रजी तिला रंगांच्या नावांपलीकडे येत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा, मातृभाषा किंवा स्थानिक भाषा हे माध्यम असावे असे म्हटले आहे. पुण्यातल्या माझ्या बहिणीला हे सगळे शब्द एकाच अर्थाचे वाटतात. मी मात्र त्यातल्या 'किंवा'पाशी अडले आहे. सासूबाईंना मराठी शाळा हवी आहे, यजमानांना इंग्रजी. जाणकारांनी आपले मत द्यावे.

उत्तर 1 (दांडिया बाजार, निवृत्त प्राथमिक शिक्षिका)

भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे सांगणारा अनुच्छेद 350 क राज्यघटनेत 1956 साली आला. त्याआधीच, 1949 मध्ये, प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने वर्गात 10 किंवा शाळेत 40 मुले त्या भाषेची असल्यास निदान एक शिक्षक नेमावा असे ठरवले होते. म्हणजे सगळे पटावर येऊन ठेपते. मी निवृत्त झाले त्या वर्षी माझ्या पहिलीचा पट सात होता, आणि त्यातल्या दोघांचे पालक दिवाळीनंतर दाखला घेऊन गेले. तरीही मी मराठीच सुचवीन, कारण बाळबोध लिपी हाताखालून गेलेले मूल गुजराती अक्षरे काही आठवड्यांत ओळखू लागते (शिरोरेघ नसल्याचे त्यांना फार नवल वाटते!), आणि 2023 च्या कायद्याने गुजरातमधील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा असल्याने ती भाषा कोठेही सुटणार नाही.

उत्तर 2 (कारेलीबाग)

बाईंच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण सात मुलांच्या वर्गात मुलगी बोलणार कोणाशी? फिलिपिन्सने 2012 पासून पहिल्या इयत्तांत मातृभाषा हे माध्यम केले आणि पुढे 19 भाषांपर्यंत मजल मारली; तरीही 2024 च्या कायद्याने ती सक्ती उठवून जेथे वर्गातील सर्व मुलांची भाषा एकच आहे तेथेच ती ऐच्छिक ठेवली. अनेक भाषांची मुले एका बाकावर बसणाऱ्या शहरात नेमके हेच अवघड जाते. सयाजीराव महाराज स्वतः मराठी घराण्यातले, पण त्यांनी 1893 मध्ये अमरेलीत आणि 1906 मध्ये राज्यभर सक्तीचे केलेले प्राथमिक शिक्षण बहुतांशी गुजरातीतूनच दिले गेले, कारण प्रजेची भाषा ती होती. माझी दोन्ही मुले गुजराती माध्यमात शिकली. मराठी वाचन आम्ही रात्री घरी घेतले. कंटाळा त्यांच्यापेक्षा मलाच जास्त आला, हे कबूल करतो.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. इंग्रजीची बाजू कोणीच घेतली नाही, हे यजमानांना दाखवले. ते म्हणाले, सर्वोच्च न्यायालयानेच 2014 मध्ये कर्नाटकाच्या खटल्यात माध्यम निवडण्याचा हक्क मान्य करून सरकारला मातृभाषा लादता येत नाही असे सांगितले आहे. हक्क आहे हे खरे, पण निवडायचे काय, ते त्या निकालात नाही. सोमवारी मराठी शाळेत जाऊन पहिलीचा पट विचारणार आहे. तो दहाच्या वर असेल तर सासूबाई जिंकल्या. नसेल तर गुजराती.