मेल येतो पण जाईना! घरच्या संगणकावरचे अनुभव इथं सांगा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या गल्लीत घरोघरी कुणी ना कुणी संगणकावर काम करतंय. त्यातल्या कुणाचा तरी अधूनमधून फोन येतोच, "मेल येतायत, पण जात नाहीत. आउटबॉक्समध्येच पडून आहेत." येणाऱ्या आणि जाणाऱ्या मेलच्या वाटा वेगळ्या असतात. येणारा आयमॅप किंवा पॉप सर्व्हरवरून उतरतो, जाणारा एसएमटीपी सर्व्हरमार्फत निघतो. त्यामुळं एक सुरू आणि दुसरी बंद, असं सर्रास होतं. पण लोक थेट फॉरमॅट मारतात आणि त्यात वर्षानुवर्षांचे मेल जातात. मला ते बघवत नाही, म्हणून हा धागा.

पडद्यावर नेमका काय मजकूर आला, आकडा कुठला होता आणि शेवटी कशानं सुटलं, तेवढं लिहा. परत आलेला मेल डिलीट करू नका, सगळा वाचा. त्यातला तीन आकडी नंबर ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते, सर्व्हर थोड्या वेळानं आपणहून पुन्हा पाठवून बघतो. ५ ने सुरू होत असेल तर काहीतरी बदलल्याशिवाय तो मेल जाणार नाही.

उद्यमनगरकर
माझं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचं काम. रात्री घरी बसून ड्रॉइंग पाठवतो. लॅपटॉप घरी आणला की मेल अडकायचा आणि सकाळी वर्कशॉपात उघडला की रात्रीचे सगळे एका दमात सुटायचे. जो तो म्हणायचा, घरचं वायफाय खराब आहे. पण त्याच वायफायवर पोरं व्हिडिओ बघत होती! आउटलुक सांगत होतं की जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरशी जोडणीच होत नाही. म्हणजे पासवर्डापर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती.

सेटिंग उघडलं तर एसएमटीपीला पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा नंबर) २५. घरगुती कनेक्शनवर बरेच इंटरनेटवाले हा पोर्ट बाहेर जाताना बंद ठेवतात. व्हायरस शिरलेल्या घरच्या मशिनींमधनं स्पॅम सुटू नये, हे त्यामागचं कारण, आणि ते रास्तच आहे. २५ हा आता सर्व्हरांच्या आपसातल्या देवाणघेवाणीसाठी. आपल्यासारख्यांनी ५८७ टाकायचा आणि एनक्रिप्शनला (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणूनची सोय) स्टार्टटीएलएस निवडायचं, नाहीतर ४६५ टाकून एसएसएल/टीएलएस. शिवाय 'आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन (ओळख पटवणं) लागतं' या ओळीपुढं टिक पाहिजे. एवढं केलं आणि आउटबॉक्स रिकामा झाला.

शंका असेल तर पॉवरशेलमध्ये (विंडोजमधली आज्ञा लिहायची खिडकी) 'टेस्ट-नेटकनेक्शन' (Test-NetConnection) लिहून सर्व्हरचं नाव आणि -Port लिहून पोर्टचा नंबर द्या. शेवटच्या ओळीत ट्रू आलं तर वाट मोकळी आहे, फॉल्स आलं तर मध्येच कुठंतरी अडवलंय. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हेच करून बघा, घरचं कनेक्शन अडवतंय का ते कळतं.

शाहूपुरीतून
आमचं वेगळंच होतं. लाइट जाऊन आली की मेल बंद! दर वेळी सर्टिफिकेट चालत नाही अशी सूचना यायची. मुलीचं लक्ष उजव्या कोपऱ्यातल्या तारखेकडं गेलं तर तिथं २०१० साल. मेलचा सर्व्हर आपली ओळख पटवायला सर्टिफिकेट दाखवतो आणि त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते असतं. संगणकाच्या हिशेबानं ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं, मग तो जोडणी कशी करणार? बँकेची साइटही तेव्हा कुरकुर करायची.

कॅबिनेटची बाजू उघडली. मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल बसवलेला असतो, सीआर२०३२. वीज असेपर्यंत घड्याळ चालतं. बटण बंद झालं की सगळी भिस्त या सेलवर, आणि आमचा पार उतरला होता. प्लग काढून कडेची पट्टी अलगद मागं सारली, तसा तो टुणकन वर आला. नवा बसवताना अधिकची खूण वरच्या बाजूला ठेवा. तारीख-वेळ लावली, मेल चालू. पीसी जुना असेल त्यांनी हे आधी बघावं.

विद्यापीठ परिसर
प्रबंधाची पीडीएफ २२ एमबीची, जीमेलची मर्यादा २५ एमबी, तरी ५५२ आकडा येऊन मेल परत. जोडलेली फाइल मेलमधून जाताना अक्षरांत बदलली जाते, दर ३ बाइटची ४ अक्षरं. म्हणजे आकार तिसऱ्या हिश्शानं फुगतो आणि २२ ची २९ च्या पुढं जाते. मोठी फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवा आणि लिंक पाठवा.

मंगळवार पेठ
५३५ आकडा आला तर? मोबाइलवरून जातो, फक्त पीसीवरच्या जुन्या आउटलुकातून जात नाही. पासवर्ड तोच आहे.

राजारामपुरीतून (धागा काढणारा)
काका, ५३५ म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, पण त्यानं ओळख मान्य केली नाही. खातं जीमेलचं असेल तर नुसत्या पासवर्डावर चालणारी जुनी पद्धत वैयक्तिक खात्यांसाठी २०२२ च्या मे अखेरीपासून बंद झाली. खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डाशिवाय आणखी एकदा ओळख पटवणं) सुरू करा, मग १६ अक्षरांचा अॅप पासवर्ड तयार करता येतो. आउटलुकात नेहमीच्या पासवर्डाच्या जागी तो टाका. तो कुणाला फोनवर सांगू नका, दुरुस्तीवाल्यालासुद्धा नको.

मंगळवार पेठ
गेला! भाच्याचं उत्तरही आलं. लई उपकार झाले बघा.

गोकुळ शिरगाव
आमचा मेलचा पत्ता स्वतःच्या डोमेनवरचा, म्हणजे @ पुढं आमच्याच वेबसाइटचं नाव. जीमेलवाल्या गिऱ्हाइकांकडून कोटेशन परत यायची, बाकीच्यांना पोचायची. आकडा ५५०, त्यापुढं ५.७.२६. इथं घरच्या संगणकाचा काही संबंध नसतो, उगाच सेटिंग उसकू नका. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येक डोमेनला एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यांपैकी एक तरी लागतं. एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या वतीनं कुठल्या सर्व्हरनी मेल पाठवायचे त्याची यादी, डीएनएसमध्ये (डोमेनच्या इंटरनेटवरच्या नोंदवहीत) एका टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराच्या नोंदीत लिहिलेली. वेबसाइट बघणाऱ्या पोराला परत आलेला मेल जसाच्या तसा पाठवला, त्यानं नोंद टाकली. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद ठेवा, दोन झाल्या तर तपासणी फसते. जुनी असेल तर तिच्यातच नवा सर्व्हर वाढवायला सांगा.