मांड्या घासतात त्यावर पावडर?
चालताना मांड्या घासू नयेत म्हणून पावडर लावा, असा सल्ला बऱ्याचदा दिला जातो. थोडंसंच चालायचं असेल तर ठीक, पण घामाने तिचा लगदा होतो आणि उलट जास्त काचतं. त्यापेक्षा निघताना कोरड्या त्वचेवर व्हॅसलिन लावा, अधूनमधून पुन्हा.

खरा दोष बहुतेकदा सुती अंतर्वस्त्रांचा. सुती कापड घाम धरून ठेवतं, ओलं झालं की जास्त घासतं, त्यात वाळलेल्या घामाचं मीठ! मांडी झाकणारी, अंगाबरोबर बसणारी सिंथेटिक शॉर्ट घाला. जाड शिवण नेमकी घासते तिथे नको.

चुरचुरायला लागलं की लगेच थांबा. घामाचं मीठ साध्या पाण्याने धुऊन काढा, टिपून कोरडं करा (पुसू नका), मग व्हॅसलिन. घामोळं असेल तर मात्र ते लावू नका, घामाची छिद्रं आणखी बुजतात.