चालत्या गाडीत एसी थंड, पर्वरीच्या रांगेत गरम. कॉम्प्रेसर बदलण्याआधी सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेत. राहतो गोव्यात मांद्र्याला, समुद्र चालत दहा मिनिटांवर. आईला दर गुरुवारी बांबोळीला न्यावं लागतं आणि नेमकी भर दुपारची वेळ मिळते. म्हापशापर्यंत एसी मस्त थंड असतो. पर्वरीला गाड्यांच्या रांगेत अडकलो की पाच मिनिटांत कोमट वारा सुरू. मांडवी पुलावर गाडीने वेग घेतला की परत थंड. गेल्या गुरुवारी आई पदराने वारा घेत बसली होती, 'काच खाली कर रे' एवढंच म्हणाली. तेव्हापासून मला चैन नाही.

नऊ वर्षांत एसीच्या गॅसला हात लावला नव्हता. मार्चमध्ये एका गॅरेजमध्ये 'गॅस कमी झालाय' म्हणून भरला. आठ दिवस बरं वाटलं. मेमध्ये परत तेच, परत गॅस. दोन्ही वेळा लीक शोधला नाही, व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं) केला नाही, भरलेल्या गॅसचं वजनही केलं नाही. पाइप हाताला गार लागेपर्यंत सोडत राहिले. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर १३४ए हा गॅस किती ग्रॅम भरायचा ते स्पष्ट छापलेलं आहे, तिकडे कुणी बघितलंच नाही. आता म्हणतात कॉम्प्रेसर गेला, १८ हजार लागतील. कॉम्प्रेसर गेला असेल तर गिरीच्या मोकळ्या रस्त्यावर थंड हवा येते कुठून?

रविवारी अंगणात स्वतः तपासलं. प्रोबवाला थर्मामीटर मधल्या जाळीत खोचला. बाहेर ३४ अंश, गाडी उभी, इंजिन चालू, ब्लोअर फुल: आकडा २३. मग वायरिंगवर पाणी जाणार नाही असं बघून ग्रिलमधून कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी) मगाने पाणी ओतत राहिलो. दोन मिनिटांत आकडा १२ वर! पाणी थांबवलं की परत चढायला लागला. गॅस खरंच कमी असता तर नुसत्या पाण्याने एवढा फरक पडला नसता असं मला वाटतं. कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाहीये, दुखणं तिथेच आहे.

एसीचा पंखा फिरतो, पण पाती वेगवेगळी दिसतात इतका सावकाश. शेजारचा रेडिएटरचा पंखा सुटला की पाती दिसतच नाहीत. गॅरेजमध्ये 'पंखा चालू आहे' एवढं बघून पुढे गेले. कंडेन्सरच्या खालच्या कडेच्या बारीक पत्र्यांना बोट लावलं तर पांढरी भुकटी होऊन हातात आली, खाऱ्या वाऱ्याने खाल्ल्यात. वरच्या भागात तांबडी धूळ गच्च बसली आहे. गॅस गळतो तिथे सोबत तेलही पाझरतं आणि त्यावर धूळ धरते, म्हणून बॅटरी मारून सगळे जोड बघितले. तेलकट डाग कुठेच नाही. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल मात्र बघता आली नाही.

आणखी एक. रांगेत कॉम्प्रेसरचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा भाग) 'टक' करून लागतो आणि थोड्या वेळात सुटतो. प्रेशर फार चढल्यामुळे स्विच तो तोडत असेल का? माझी शंका अशी की मुळात गॅस कमी नव्हताच. पंखा मंदावला होता आणि वरून दोनदा गॅस ओतल्यामुळे तो जास्त झाला. मेनंतर त्रास वाढला आहे, तेही याच्याशी जुळतं.

जाणकारांनी सांगावं: आधी पंख्याची मोटर बदलून, कंडेन्सर धुऊन, सगळा गॅस काढून, व्हॅक्यूम करून स्टिकरप्रमाणे वजनाने भरायचा, हा क्रम बरोबर आहे का? की पत्रे असे झडायला लागल्यावर कंडेन्सरही त्याच वेळी बदलावा? उभ्या गाडीत प्रेशर गेजवर हाय साइड (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं प्रेशर) किती दिसली तर काळजी करायची? या हवेत २०० ते २५० पीएसआय ठीक असं माझ्या वाचनात आलं आहे, तुमच्याकडे प्रत्यक्ष किती येतं?

म्हापसा ते पणजी पट्ट्यात गेज लावून, गॅस वजन करून भरणारा कुणी माहीत असेल तर नक्की कळवा. बुधवारपर्यंत काम झालं तर बरं, गुरुवारी आईला परत न्यायचं आहे.