गेलेल्या मित्राची व्हीलचेअर: जपायची की द्यायची?

मुक्काम पोस्ट: आमचा कट्ट्यावरचा मित्र गेला. मणक्याला इजा, कमरेखाली संवेदना नाही. पण खुर्चीच्या पाठीवर ट्रकसारखं ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवलेलं. वाचनालयाच्या पायऱ्यांशी थांबून पुस्तकं बाहेर मागवायचा. ‘घरपोच सेवा परवडत नसेल तर रॅम्प बांधा,’ असं हसत ऐकवायचा. शेवटी रॅम्प झाला. आता खुर्ची घरच्यांनी आमच्याकडे दिली आहे. माझं मत: गरजूला द्या.

पायरीवाला: असहमत. वाचनालयातच ठेवा. १५ सेंमीच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंमी चढ. १:१२ उताराने, म्हणजे एक सेंमी चढाला बारा सेंमी लांबी, ५.४ मीटर रॅम्प लागतो. एवढी सपाट जागा दिसली की लोक तिथे कुंड्या आणि स्कूटर लावतात. दारात खुर्ची असली की जागा कशाची आहे ते वेगळं सांगावं लागणार नाही.

माप-जोख: प्रदर्शनाला माझाही विरोध आहे, पण ‘गरजूला द्या’ हे त्याहून धोक्याचं. खुर्ची मापाची असते. बसल्यावर नितंबांची रुंदी मोजा. सीट त्याहून फार तर दोन-तीन सेंमी जास्त हवी. सैल झाली की माणूस एका बाजूला कलतो, पाठीचा कणा वाकतो. सीटची खोली म्हणजे पाठीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंतच्या मापातून चार-पाच सेंमी वजा. त्यापेक्षा जास्त असली तर कड पोटरीला रुतते, मग माणूस पुढे घसरून बसतो आणि माकडहाडाची कातडी घासते. पायटे, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्या, उंच असतील तर मांड्या उचलल्या जातात आणि सगळा भार बसायच्या हाडांवर येतो. संवेदना नसलेल्याला यातलं काहीच कळत नाही. कळतं ते जखम झाल्यावर, आणि ती भरायला महिने जातात.

मुक्काम पोस्ट: एवढं मोजत बसलो तर खुर्ची गंजेल. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला सैल खुर्चीही चालेल की!

माप-जोख: आजोबांना दवाखान्यात न्यायला चालेल. दिवसाचे दहा तास बसणाऱ्या पॅराप्लेजिकला, म्हणजे कमरेखाली लुळ्या झालेल्याला, नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या मार्गदर्शक सूचनांतही तपासणी, मापाला बसवणं, वापराचं शिक्षण आणि नंतरची पाहणी हे सगळं खुर्ची देण्याचाच भाग धरलंय.

पायरीवाला: म्हणजे माणूस सापडेपर्यंत वाचनालयातच. जिंकलो.

माप-जोख: ठेवा, पण चालती ठेवा. पुढच्या छोट्या चाकांच्या आसात केस आणि दोरे गुंडाळतात, ते काढा. हवेचे टायर असतील तर हवा भरा. हवा उतरली की ब्रेक टायरला टेकत नाही, खुर्ची उतारावर सरकते. उशी मात्र कुणाला देऊ नका. फोम दबलेला असतो: माणूस बसलेला असताना उशीखाली हात घातला आणि हाड बोटांना लागलं, की ती उशी संपली. नवी घ्या, वर्गणी त्यासाठी काढा.

मुक्काम पोस्ट: वर्गणीला हरकत नाही. वाचनालयात ठेवायला मात्र आहे हरकत. मापं घेऊन इथे टाकतो, कुणाला जुळली तर कळवा.